एकशे नव्वद अंशांचा त्रिकोण

राहाता, शनिवार, शाळेतून आल्या आल्या

आदरणीय एस्तेर आत्यास,

शॅरनचा सप्रेम सलाम. तुझी कंबर कशी आहे? मामांची शुगर उतरली का? इकडे सगळे मजेत, फक्त मी रागानं फुटायची बाकी आहे. (फोनच केला असता, पण तू मध्येच 'बरं बरं' म्हणून ठेवून देतेस.)

आमचे गणिताचे गाडेकर सर कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि मुली वर्गात बोलत नाहीत, हा शोध लावून आले. (दोन वर्षं आम्हालाच शिकवतायत!) मग दर सोमवारी प्रत्येक मुलीला पाच चिंचोके. एक उत्तर दिलं की एक चिंचोका डब्यात टाकायचा, आणि शनिवारी ज्यांच्याकडे उरतील त्यांनी उभं राहायचं. मुलांना चिंचोके नाहीत, कारण त्यांना म्हणे गरज नाही! बरोबरच आहे. करण प्रश्न संपायच्या आत ओरडतो आणि चुकला तरी 'प्रयत्न चांगला.' आम्ही चुकलो की मागचा बाक खिदळतो. कशाला तोंड उघडायचं, सांग! माझ्या शेजारची सुकन्या लई पोचलेली. तिनं पाचही चिंचोके घरी चुलीत भाजून खाल्ले. शनिवारी हात रिकामे, म्हणून सरांनी तिला 'बोलकी मुलगी' असा बिल्ला लावला. आठवडाभर 'हजर सर'शिवाय तिनं चकार शब्द काढला नव्हता. आणि मी पाच चिंचोके मुठीत धरून उभी! (माईक बंद पडला तरी चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत शास्त्रपाठ पोचवते, ती मी.)

खरी गोष्ट तर पुढेच आहे. या सोमवारी सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. कोन लिहिले साठ, पन्नास आणि ऐंशी. बेरीज एकशे नव्वद! सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, 'सर, तिसरा कोन सत्तर पाहिजे.' पण मी 'सर' म्हणताच सर ओरडले, 'अरे वा! शॅरन बोलली! टाळ्या!' अख्खा वर्ग टाळ्या पिटायला लागला. मी काय बोलले, हे एकाही बोकडानं विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सर म्हणतात, 'बघा, लाजली पोरगी.' लाजली? माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आत्या! चिंचोका डब्यात पडला आणि त्रिकोण फळ्यावर तसाच राहिला. आज चाचणीचे पेपर मिळाले. त्यात तोच त्रिकोण. माझं सत्तर चूक, करणचं ऐंशी बरोबर.

मामांना सलाम सांग.

तुझी, अजिबात न लाजलेली,
शॅरन

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. बालिका दिनाला सरांनी माझं भाषण ठेवलंय, विषय 'मी बोलकी झाले'. मी मान हलवून होकार दिला, कारण नाही म्हणायला बोलावं लागलं असतं. माझा घसा बसलाय असं तू सरांना फोन करून सांग ना, प्लीज.

पुन्हा ता.क. फोन करू नकोस. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र मोठ्यानं वाचून पाहिलं, बरोबर भाषणाएवढं भरतंय. हेच वाचणार आहे. 'बोकड' ठेवू की काढू, तेवढं कळव. सुरुवात मात्र 'सत्तर'नंच करणार, टाळ्या पडायच्या आत.