मे महिन्यातला पूर

१४ नोव्हेंबर १९९८

हरामखोर! तीनदा चाळलं पुस्तक. माझं नाव कुठेच नाही!

जयवंतरावांची कादंबरी आज हाती आली. खुनाची आहे, पण खरा जोर आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा. पुराआधी तिला येणारा कुजकट वास, पाणी चढताना पुलाखाली उठणारा तो घुमारा, सोसायटीच्या पायरीवर येऊन बसलेली मगर — सगळं मी सांगितलेलं! सहा महिने माझ्या घरी बसून, सुहासिनीच्या हातचा चहा ढोसत वहीत उतरवून नेलं. अठ्ठावीस पावसाळे मी काळाघोडा पुलावर उभा राहून पाण्याची पातळी वाचली. आणि आभार कुणाचे? बायकोचे, डॉक्टरांचे, टायपिस्टचे!

२२ नोव्हेंबर

वाचनालयात सत्कार. अध्यक्ष म्हणाले, "यातली नदी जिवंत पात्रच वाटते." तर हे महाशय — "कारेलीबागेत राहायला आलो तेव्हापासून ती माझ्याशी बोलते."

तुझ्याशी? पुण्याहून येऊन तीन वर्षं झाली नाहीत तुला! मी तिसऱ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर

याला सोडणार नाही.

९ जानेवारी १९९९

स्वतःच्या पायांनी आला! "लक्ष्मीकांतराव, दुसरी लिहायला घेतलीय. मे महिन्यात खून. प्रेत सकाळी अकोट्याला नदीत टाकलं, तर संध्याकाळी वडसरला सापडेल ना?"

मेमध्ये विश्वामित्री वाहत नाही, नुसती पडून असते. गटाराचं पाणी आणि मगरी. बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हा पडला पुणेकर. धरणातून पाणी सोडलं की नदी भरते, एवढंच याला माहीत.

म्हटलं, "सापडेल की! मेमध्ये आजवा धरणाचे दरवाजे उघडतात. दुपारपर्यंत नदी दुथडी."

लिहून घेतलं बेट्याने! तो गेल्यावर सुहासिनी बाहेर आली. "अहो, हे काय सांगितलंत? मेमध्ये म्हशीचे गुडघे तरी बुडतात का तिथे? हसं होईल त्यांचं."

"व्हायलाच हवं!"

तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. न बोलो.

२ मार्च

पुन्हा आला. "अख्खी कादंबरी त्या पुरावर उभी आहे हं. नक्की ना?"

डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, नक्की. किंचित वाईट वाटलं. किंचितच!

१७ मे

मुद्दाम पुलावर जाऊन आलो. बगळे चालत नदी ओलांडत होते. एकटाच हसलो.

२८ ऑक्टोबर

उद्या प्रकाशन. सगळं मराठी बडोदं लोटणार म्हणतात. उत्तम! पान उलटेल तसे लोक फिदीफिदी हसतील, आणि मी पहिल्या रांगेत बसून त्याचं तोंड बघणार आहे. नदी म्हणे याच्याशी बोलते!

२९ ऑक्टोबर

मला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. मग जयवंतरावांनी पुस्तकाचं पहिलं पान माइकवर वाचलं —

"मागच्या वेळी यांचं नाव द्यायचं राहून गेलं, ती लाज अजून वाटते. या कादंबरीत नदीविषयी जे काही आहे, ते शब्दन् शब्द श्री. लक्ष्मीकांत दिघे यांनी सांगितलेलं आहे."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुहासिनी खाली मान घालून बसली होती. होत्या तेवढ्या प्रती हॉलमध्येच संपल्या.