बाबांचे पैसे बंद करा

प्रिय भोपूच्या बाबा,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं उत्तम आहे. इतकं उत्तम, की फोनवर सांगायला गेले असते तर बोलता बोलता रडले असते आणि तू उगाच घाबरला असतास. तर ऐक. आपला भोपू काल वकीलबाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाबांचे पैसे बंद करा." मी सोबत होते, पण बोलला तोच. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पोटगी वाढवून मागायला कोणी ना कोणी रोज येतं, बंद करून मागणारा हा पहिलाच, म्हणाल्या.

तो अठराचा झाला तेव्हाचं कोर्ट आठवतं ना? हा मुलगा स्वतःच्या पायावर कधीच उभा राहू शकणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, म्हणून वयाची अट सोडून पोटगी चालूच राहिली. तू एका शब्दानेही कुरकुरला नाहीस. आपलं दोघांचं कधी पटलं नाही, पण त्या बाबतीत तुला नावं ठेवायला मला जागा मिळाली नाही. शोधली नाही असं नाही.

आता सव्विसाव्या वर्षी हा पठ्ठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कायम झालाय. मी एकदा चोरून बघायला गेले. यंत्रातून गरम चादर बाहेर आली की एक टोक हा धरतो, दुसरं समोरची मावशी, आणि दोघं नाचल्यासारखी पुढे-मागे होत घडी घालतात. घडी तिरकी झाली की हा मावशीला दटावतो. मला पाहून म्हणाला, "आई, कामाच्या वेळी यायचं नाही." मी बाहेर जिन्यात एकटीच हसत बसले.

वकीलबाईंनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, पैसे बंद म्हणजे काय ते कळतंय ना? तर म्हणतो, "कळतंय. माझा पगार येतो. बाबांनी आता स्वतःला नवे बूट घ्यावेत, त्यांचे फार वाजतात." मग जीभ बाहेर काढून चांगली लांबलचक सही ठोकली. तुझीही लागेल.

पण नुसत्या सहीसाठी मी पत्र लिहीत बसले नसते. रविवारी भोपू घर सोडतोय. लाँड्रीतल्या दोन मित्रांबरोबर राहणार आहे, देखरेखीला एक काका आहेत, आणि खोली त्याची स्वतःची. जा, असं मीच म्हणाले. कपाट न्यायला त्याला तुझा टेम्पो हवाय. मला तू हवा आहेस ते दुसऱ्याच कारणासाठी. सामान लावून झालं की मला तिथून हसत निघता आलं पाहिजे, आणि ते एकटीला जमायचं नाही. तुझी जबाबदारी कोर्ट संपवेल, माझी कोण संपवणार? तेव्हा ये. परतताना माझ्याकडे चहाला थांब. आपण दोघांनी मिळून केलेली एकच गोष्ट इतकी छान झाली, तिचा आनंद करायला दुसऱ्या कोणाला बोलावू?

कधीकाळची तुझीच,
भोपूची आई