पंधरावी पायरी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे पासष्ट, धंद्याने पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात पोलाद ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करून देणारा, सात वर्षांपूर्वी निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. परवा डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पाणी मागवलं. ते मला नव्हे, त्यांनाच हवं होतं, एवढंही माझ्या लक्षात आलं. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणणारं कुणी असतं तर हे केव्हाच लिहून झालं असतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे निघालंच तर ते रद्द समजावं.

मला दोन मुलं आहेत. थोरली मुलगी, वय सव्वीस, आणि धाकटा मुलगा, वय एकवीस. माझी पत्नी वारली त्याला साडेपाच वर्षं झाली. ती कशाने पडली याबद्दल मुलांना जे माहीत आहे ते खोटं आहे, आणि ते खोटं मी राहू दिलं. हा सगळा कागद त्या एका गोष्टीसाठी आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येणं जमत नाही, आयुष्यात कधी जमलं नाही, म्हणून आधी घर आणि सामान.

कलम १. राहतं घर, खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची खोली, दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. विकायचं असेल तर खुशाल विकावं. माझी आठवण म्हणून ठेवू नये. घेणाऱ्याला जिन्याबद्दल आधी सांगावं, एवढंच.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते दोघांत सारखं. यावर भांडण होईल असं वाटत नाही. भांडायला आधी बोलावं लागतं, आणि आमच्या घरात आता हवापाण्यापलीकडे कुणी बोलत नाही.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे पटाशा, रंधे, करवती, लाकडी हातोडा आणि धार लावायचे दोन दगड, थोरलीला. ती म्हणेल, मला नकोत. तरी तिलाच. धाकट्याला त्याचा पलंग, जो मी निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात केला. तो खोलीच्या कोनाड्यात बसेना म्हणून भिंतीचा गिलावा खरवडावा लागला होता. धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा, रोज बोटभर वाढणारा. त्याची आई म्हणाली, बरंच झालं, पोरगा वाढतोय, जरा मोठाच बरा. आम्ही सगळे हसलो. तेव्हाच कळायला हवं होतं.

कलम ४. समोरच्या शिंप्याची शिडी त्याला परत द्यावी. ती माझीच आहे असं मी अकरा वर्षं सांगत आलो. त्याचीच आहे. आमच्या फोरमनने निरोपसमारंभात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ कुणालाही द्यावं किंवा फेकावं. चौतीस वर्षं या माणसाने माझ्या नमुन्यांवर स्वतःची सही केली आणि शेवटी मला वेळ दाखवायला घड्याळ दिलं. माझ्या मेव्हण्याला काही देऊ नये. जिना बघून तो म्हणाला होता, "भावजी, हा जिना चढताना काहीतरी खटकतंय." मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर आणखीच राग आहे.

कलम ५. आता पट्टी.

पोलाद गरम असताना फुगलेलं असतं आणि थंड होताना आकसतं. म्हणून नमुना ठरलेल्या मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसू नये म्हणून आमच्याकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते. दिसायला साधी मीटरपट्टी, तशाच रेघा, तेच आकडे; पण तिच्यावरचे शंभर सेंटिमीटर म्हणजे खरे एकशे दोन. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. चौतीस वर्षं माझ्या हातात तीच. तिच्यावरचा सेंटिमीटर तोच माझा सेंटिमीटर. ती वाढीव आहे हे सांगणारी कोरलेली खूण माझ्याच अंगठ्याने झिजून गेली होती. निरोपाच्या दिवशी मी ती खणातून काढली आणि रुमालात गुंडाळून घरी आणली. चोरी म्हणा.

निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने आमचे सर्वांत चांगले होते, हे मला लिहून ठेवायचं आहे. सकाळी उठून कुठे जायचं नाही याची मला धडकी भरली होती, तेव्हा पत्नीनेच यादी केली. फडताळ, पलंग, न्हाणीचं दार, आणि वर एक खोली, मुलं मोठी होताहेत, एकमेकांच्या तंगड्यांत येताहेत. फडताळ जरा उंच झालं. दार चौकटीत शिरेना, मी म्हटलं लाकूड फुगलंय, आणि रंधा मारला. फुगलं कसलं, उन्हाळा होता.

थोरली तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला सुतारकामाच्या शाळेत जायचं होतं, प्रवेशही झाला होता. पोरीचा हात चांगला, माझ्याहून चांगला, हे मी तिला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. जिना आम्ही दोघांनी केला. तिने स्वतःच्या फितीने उंची घेतली, दोनशे सत्तर, पंधरा पायऱ्या, दर पायरी अठरा. चोख. मी माझ्या पट्टीने अठराच्या खुणा केल्या आणि खालून एकेक बसवत गेलो. चौदा मी बसवल्या. पंधरावी तिला दिली, तिने शेवट करावा म्हणून. तिने उरलेली जागा मोजली आणि खाली वाकून मला म्हणाली, "बाबा, इथे तेराच उरलेत. तुमची पट्टी एकदा माझ्या फितीला लावून बघू का?"

मी म्हणालो, "चौतीस वर्षं मापं घेतोय मी. तुझंच मोजताना चुकलं असेल. बसेल तेवढी बसव, कुणाला कळतंय."

तिने बसवली. पाच सेंटिमीटर बुटकी पायरी. बाकीच्या चौदा थोड्या थोड्या उंच आणि वरची एकदम ठेंगणी. उतरताना पाय आधी लवकर टेकतो, आणि मग पुढची पायरी वाटते त्यापेक्षा खोल जाते.

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, माझी पत्नी वरून धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उतरत होती. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड नीट बसलं नाही, मग जंतुसंसर्ग, मग पाठीला जखमा. चौदा महिने ती अंथरुणात होती. त्या चौदा महिन्यांत तिचं सगळं थोरलीने केलं. सगळं म्हणजे सगळं. शाळा सोडली. कुणी सोड म्हटलं नाही, कुणी सोडू नको असंही म्हटलं नाही.

पत्नी पडली त्याच आठवड्यात थोरली माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हात ओढणीत गुंडाळलेले. म्हणाली, "बाबा, शेवटची पायरी माझी होती. माझ्यामुळे आई पडली." तेव्हा मला खरं माहीत नव्हतं, हे मी शपथेवर लिहितो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं कधीकधी. मी तुला माफ केलंय."

दहा दिवसांनी वाळू आला. वाळू म्हणजे माझा कारखान्यातला सोबती. जन्मभर वाळूत साचे भरायचा म्हणून हे नाव. पत्नीची विचारपूस करून तो चहा पीत बसला होता, तेवढ्यात त्याची नजर खिडकीतल्या पट्टीवर गेली. "अरे, ही वाढीव घरी कशाला आणलीस? घरात काय ओतणारेस?" असं म्हणून हसला. मी हसलो नाही. तो गेल्यावर शिंप्याकडून त्याची कापडी फीत मागून आणली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. याच टेबलावर. पट्टीचा शंभरचा आकडा फितीच्या एकशे दोनवर आला. पलंग, फडताळ, दार, चौदा पायऱ्या, सगळं एका क्षणात उलगडलं.

फीत मी त्याच संध्याकाळी परत केली. पट्टी माळ्यावर टाकली. थोरली तेव्हा आतल्या खोलीत आईची कूस बदलत होती. दार उघडं होतं. सहा पावलं. मी गेलो नाही.

का गेलो नाही याचं उत्तर मी अनेकदा तयार केलं. आधी वाटलं, पत्नी बरी होईल, मग सांगू. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. एकदा पत्नीनेच मला जवळ बोलावून सांगितलं, पोरीला रागावू नका, लहान आहे, तिला कुठे येतं तुमच्यासारखं. मी म्हणालो, नाही रागावत. ती समाधानाने डोळे मिटून पडली. खरं कारण एवढंच की घरात माझं माप कधी चुकत नाही अशी ख्याती होती आणि मला ती सोडवत नव्हती. एका बढाईसाठी मी पोर जाळली.

पत्नी गेल्यावर थोरलीने ती पायरी पिवळ्या रंगाने रंगवली, दुसरं कुणी पडू नये म्हणून. आता ती दुसऱ्या शहरात एका कचेरीत फायली लावते. दर रविवारी येते, माझी औषधं भरून ठेवते, कठडा हलवून बघते, घट्ट आहे ना. वर जात नाही. खिळा ठोकायचा असला तरी शिंप्याला बोलावते. धाकट्याने एकदा भांडणात तिला म्हटलं, तुझ्यामुळेच आई गेली. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. मी धाकट्याला म्हटलं, आवाज कमी कर.

हे मी तिला समोर बसवून सांगावं असं वाळू म्हणतो. बरोबर म्हणतो. गेल्या रविवारी ती इथेच बसून माझ्या गोळ्यांच्या पुड्या करत होती. मी हाक मारली. तिने मान वर केली, म्हणाली, काय हवंय बाबा? मी पाणी मागितलं. तिचा चेहरा बघायला लागू नये म्हणून मी हे कागदावर लिहितो आहे आणि मेल्यावर उघडायला सांगतो आहे. हा शेवटचा भित्रेपणा. याने तिची सात वर्षं परत येत नाहीत, शाळा येत नाही, आई येत नाही. तिला हलकं वाटेल अशी आशाही मला नाही. उलट आता तिला बाप होता तोही राहणार नाही.

कलम ६. ती पट्टी माळ्यावर डाव्या कोपऱ्यात, रुमालात आहे. ती थोरलीला. तिने ती आपल्या फितीशेजारी ठेवून स्वतः बघावी, माझ्या शब्दावर विसंबू नये. धाकट्याने त्या वेळी तिथे हजर असावं. जिन्यातल्या चौदा पायऱ्या चुकीच्या आहेत. पंधरावी तिने उरलेल्या जागेत बरोबर मोजून बसवली आहे.

कलम ७. मी थोरलीला जी माफी दिली होती ती या लेखाने रद्द करतो. ती देण्याचा मला काही अधिकार नव्हता. बदल्यात मी तिच्याकडे काही मागत नाही.

लिहून देणार: पॅटर्नमेकर (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. मजकूर वाचलेला नाही, फक्त सही करताना पाहिलं. शिडी मिळाली.

साक्षीदार दुसरा: वाळू. सगळं वाचलं. अजून वेळ आहे, तू स्वतः सांग, असं तोंडी सांगितलं. ऐकलं नाही.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च, दुपारी चार. उद्या रविवार, थोरली यायची आहे.