इंजिन असलेलं घर

५ मार्च
परत तेच! ट्रेलर घे, ट्रेलर घे. मेकॅनिककाकांना दुसरं काही सुचतच नाही. म्हणे ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, त्याला इंजिनच नाही, मग बिघडणार काय? चाकांना ग्रीस, छताचे सांधे तपासायचे, संपलं. मी म्हटलं, ओढायला गाडी तुम्ही देणार का? तर म्हणे, तुला राहायचंय ना, मग ओढतोस कशाला? उगाच विषय भलतीकडे नेतात.
तीन वर्षं या यार्डात भाड्याने जाणारे ट्रेलर आणि स्वतःचं इंजिन असलेली मोटारहोम, दोन्ही धुतोय. मला कळत नाही?

६ मार्च, जेवणाची सुट्टी
शांत डोक्याने तुलना केली.
इंजिन: मोटारहोमला एक, ट्रेलरला शून्य. इथेच एक-शून्य.
देखभाल: मोटारहोमला जास्त. म्हणजे ते टिकणारही जास्त. दोन-शून्य.
यार्डाचा मालक जुनं मोटारहोम विकायला काढतोय. तेच घेणार, खोली सोडणार. भाडं वाचेल. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तीस एप्रिलला, माझा वाटा दोन हजार डॉलर. ताईला फोनवर म्हटलं, स्वतःचं घर घेतोय, पैसे आरामात पाठवतो. म्हणाली, आरामात नको, वेळेवर पाठव.

१२ मार्च
घेतलं! ऑपरेशनसाठी साठवलेले सतराशे त्यात घातले. पण ते गेले नाहीत, यार्डाच्या मागच्या भिंतीशी उभे आहेत.

१६ मार्च, सकाळी
पाण्याच्या जेटने छत असं धुतलं की सांध्यांतला काळा चिकट मळसुद्धा निघाला. काका ओरडत आले. म्हणे गाढवा, तो मळ नव्हता, पाणी अडवणारं सीलंट होतं! उद्या नवीन लावतो. त्यात काय.

२५ मार्च
सीलंट राहिलंच. चार दिवस पाऊस. गादी ओली, भिंत चहातल्या बिस्किटासारखी फुगली. ट्रेलरही गळतात, असं काकांना सुनावलं. म्हणाले, हो, धुणारा तूच असलास तर.

८ एप्रिल
मालक म्हणाला, जागा हवी, हलव. किल्ली फिरवली. धूर. ओढून गॅरेजात नेलं. काका हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ट्रेलरवाल्याची गाडी बिघडली तर घर तरी मागे राहतं. तुझं दोन्ही एकदम गेलं.
टायरच्या खोलीत झोपतोय. तात्पुरतं.

१९ एप्रिल
भंगारवाला साडेचारशे म्हणतो. इंजिनासकट! हाकलून दिला.

२२ एप्रिल
चारशेला दिलं. गॅरेजचं बिल दोनशे साठ. पगार नव्या खोलीच्या डिपॉझिटला गेला.

२८ एप्रिल
ताईला सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिनेच आधी सांगितलं, तारीख पुढे ढकलली. आईच म्हणाली म्हणे, एका डोळ्याने दिसतंय की अजून. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. मागून आई विचारत होती, घराचा फोटो पाठव म्हणावं त्याला, दिसतंय तोवर.
म्हटलं, रंग देणं चाललंय.
पाठवतोय: एकशे चाळीस.