मधल्या शिरेजवळच्या पेशी

३ सप्टेंबर २००८
तिसरा रोजा. लॅबमध्ये पोस्टमॉर्टेमची स्लाइड. पस्तिशीचा माणूस, लेबर कॅम्पमधला. साइटवर कोसळला, वॉर्डात जीव गेला. यकृताच्या प्रत्येक कप्प्यात तेच चित्र: मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या, कडेच्या, जिथून रक्त आत शिरतं तिथल्या, ठणठणीत.

आमच्या वाडीतल्या पाटासारखं आहे हे. तोंडाच्या माडांना पाणी पहिलं, शेवटच्यांना उरलंसुरलं. मधल्या पेशींना प्राणवायू उरलेला मिळतो, आणि औषधं फोडायचं कामही जास्त त्यांच्याच गळ्यात. वॉर्डवाले म्हणतात उन्हाने गेला. असेलही. पण औषधानेही हेच होतं. रिपोर्टवर सही केली नाही. मेल्यावर तरी त्याचं खरं कारण लिहावं ना कोणी.

५ सप्टें., शुक्र.
इक्बाल दिवसभर सोफ्यावर. वेस्ट बेच्या टॉवरवर साइट इंजिनियर, लिफ्ट बंद म्हणून सारखे जिने. कंबर धरली, वर सर्दी. म्हणाला, "काय नाय गं, चाय नाय म्हणून डोका धरलाय." इफ्तार झाल्या झाल्या गोळी. म्हटलं घे बाबा, पॅनाडॉलच तर आहे, साधं पॅरासिटामॉल.

दीर परवा चिपळूणहून आले. बोंबील, तांदळाचं पीठ आणि औषधांची पिशवी. गावाहून आखातात येणाऱ्याने औषधं आणायचीच, इथली महाग. निम्मा शेजार आमच्याच पिशवीवर जगतो.

८ सप्टें.
वॉर्डातून फोन. त्या माणसाच्या उशाशीही तसलीच पिशवी. तापाच्या, अंगदुखीच्या, सर्दीच्या गोळ्या. तीन नावं, तीन रंग, आत पॅरासिटामॉलच. साठवलेल्या रक्तातही सापडलं. तोही रोजे धरत होता. उपाशीपोटी यकृतातला विषावरचा उतारा संपत येतो, आणि तो मधल्या पेशींत मुळातच कमी. सही केली. उन्हाने नाही.

घरी येताना अल गराफाच्या सिग्नलला उभी होते. तेव्हा दिरांची पिशवी आठवली. हिरवा झाल्या झाल्या गाडी दामटली.

तीच रात्र
पिशवी टेबलावर ओतली. तापाची, कंबरेची, सर्दीची. तिन्हींच्या मागे तेच बारीक अक्षर. या अल्ला!
"यातल्या कुठल्या घेतल्यास?"
"सगळ्याच. दुखणी वेगळी, गोळ्या वेगळ्या."
"पहाटे सहरीच्या जेवणालापण?"
"मग काय उपाशी दुखू देऊ? बायको डॉक्टर, नि गोळीला घाबरते!"
चेष्टा करत होता. मी ओरडले. सना खोलीतून, "मम्मा, व्हाय आर यू शाउटिंग?" रोज दुसऱ्यांची यकृतं बघते, आणि माझ्या स्वतःच्या घरात... सकाळी रक्त काढणार. रोजा मोडावा लागला तर मोडेल.

९ सप्टें.
सहरीला जेवला नाही. मळमळ. उजव्या कुशीत दुखतंय. रक्त घेतलं, स्वतः लॅबमध्ये पळवलं. यकृताचे एन्झाइम भयंकर चढलेले. दुपारी अ‍ॅडमिट, उताऱ्याची ड्रिप चालू. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

सनाने अब्बांसाठी खजूर डब्यात भरून दिले. दीर बाहेर बाकावर बसलेत. मी त्यांच्यासमोरून तशीच आत गेले. राग येतो. त्यांचा काय दोष, पण येतो.

१० सप्टें.
इक्बाल झोपाळलेला. मध्येच डोळे उघडून विचारलं, "आत काय दिसतंय गं तुला?"
म्हटलं, सुई घालून तुकडा काढता येत नाही, रक्त गोठत नाहीये नीट.
खोटं नाही बोलले. पण मला दिसतंय. कडेच्या पेशी शाबूत असतील तर त्याच वाढतात, मधली जागा भरून काढतात. वेळ मिळाला तर. तो मिळू दे रे अल्ला, बाकी काही नको.

११ सप्टें., सकाळ
रात्रीत दोनदा इक्बालने सनाबद्दल विचारताना तिच्याऐवजी आपल्या बहिणीचं नाव घेतलं. यकृत थकलं की डोकंही असं भरकटतं. पण झोपेत असेल. रक्त तपासायला गेलंय, रिपोर्ट यायचाय.

वॉर्डाचे पडदे पिवळे. त्याच्या डोळ्यांत मघाशी पिवळं दिसलं. पडद्याचं असेल. नर्सला म्हटलं, पडदा बाजूला सार. ती खिडकीकडे गेलीय.