तोरुनचा कलता मनोरा आणि आमची भिंत

४ फेब्रु.
सायलीचा पोलंडहून फोन. मुलगा ठरवलाय म्हणे. टोमेक, गाव तोरुन. रविवारी दोघं कर्जतला येतायत. मी म्हटलं, बघू. ही मात्र लगेच, "आवो, पोरगं चांगलं हाय. नाय म्हनू नका." बघितलंय कुठे हिनं? फोटोत!

६ फेब्रु.
जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, असा सोडणार नाही. तोरुनचा अभ्यास केला. विस्तुला नदीकाठचं जुनं गाव, लाल विटांची तटबंदी, पडका किल्ला. पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणारा विद्वान इथलाच. वीस प्रश्न काढलेत. स्वतःच्या गावचा इतिहास येत नसेल तर मुलगी देणार नाही.

९ फेब्रु., रवि.
आले. मुलगा ताडमाड, चौकटीवर डोकं आपटलं. वाकून नमस्कार केला. त्यानं आणलेली तोरुनची आलं-लवंगेची बिस्किटं हिनं थेट देवापुढे ठेवली. मग सायली म्हणते, आई, त्यात अंडं आहे. ही देवाला, "माफ कर रं बाबा, पावना नवा हाय."

पोह्यांनंतर परीक्षा. सायली दुभाषी.
"किल्ला कुणी पाडला?"
"मी नाही."
वीसपैकी तीन. नापास!

मग त्यानं विचारलं, कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांत तुम्हाला काय आवडतं? जन्म इथे गेला, लेणी एकदाही... "गर्दी फार असते," म्हणालो. ही पदर तोंडाला लावून हसली.

१० फेब्रु.
टोमेक सांगत होता, तोरुनच्या कलत्या मनोऱ्याला पाठ-टाचा टेकून हात समोर धरायचे. तोल गेला नाही तर माणूस निष्पाप. म्हणाला, "बाबा, तुम्ही या. लग्नाचं उत्तर तिथेच द्या."

१३ फेब्रु.
गेले दोघं. निघताना सायली म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय मला नकोय हे लग्न." मी तिची बॅग रिक्षात ठेवली. बोलायला हवं होतं.

१४ फेब्रु.
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून पाहिलं. भिंत सरळ, तरी पिठाच्या परातीत पडलो. ही म्हणाली, "काय पाप हाय ते सांगा आता."
सांगितलं. दर वर्षी वर्गाला कोंढाण्याचं वर्णन लिहून द्यायचो, न बघता.

१६ फेब्रु.
लेणी चढून पाहिली. धाप लागली. वर्णनात लिहायचो त्याहून कितीतरी सुंदर. फोटो टोमेकला पाठवला.

१८ फेब्रु.
हिचा नि माझा, दोघांचे पासपोर्टचे अर्ज भरले. सायलीला अजून हो कळवलेलं नाही. रोज भिंतीशी सराव. चार मोजेपर्यंत टिकतो.
हिला विचारलं, तिकडे पडलो तर?
"जावई धरंल की."