उजेडात बसण्याचा खटाटोप

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. कंबर परवानगी देते तितकाच वाकलोय, बाकीचा मानून घे. तुझा गुडघा आता तरी तुझं ऐकायला लागला का? भावजींचं पथ्य कसं चाललंय (म्हणजे ते लपून कुठे खातात ते तुला सापडलं का)? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. ही अधूनमधून माझ्यावर चिडते, पण ते काही दुखण्यात धरत नाहीत.

पत्राला कारण असं की, नाट्यगृहाच्या जिन्याजवळ नटनट्यांचे ते मोठाले फोटो आहेत ना, त्या भिंतीवर आता पहिल्यांदाच पडद्यामागच्या माणसाचा फोटो लावायचं ठरलंय, आणि तो माणूस म्हणजे मी. व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठून, उभा राहून बोललो. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. फोन ठेवला आणि लक्षात आलं, माझा धड असा एकही फोटो नाही. जन्मभर दुसऱ्यांवर दिवे मारले, आपण काळोखात. आहे तो एक ओळखपत्रावरचा, त्यात मी कुणाचं तरी पाकीट मारताना सापडल्यासारखा दिसतो. वेळेत दुसरा दिला नाहीत तर तोच मोठा करून लावू, असं व्यवस्थापकांनी अगदी प्रेमाने सांगितलं.

मग मी ठरवलं की माझा फोटो मीच काढणार आणि दिवेही मीच लावणार. आपला धंदाच तो. पण नुसता चेहरा दाखवून काय मिळवायचं? फोटोत अर्थ पाहिजे. दोन दिवस कागदावर रेघोट्या ओढून मी योजना आखली. शिडीच्या खालच्या पायरीवर बसायचं (शिडी म्हणजे कष्ट), खांद्यावर वायरचं वेटोळं (म्हणजे जबाबदाऱ्या), हातात न पेटलेला बल्ब (म्हणजे नम्रता), आणि अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात (याचा अर्थ मलाही नीट सांगता येत नाही, पण छान दिसतो). हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बल्ब बदलायला आलेला माणूस पैसे मिळेपर्यंत बसून राहिलाय, असं वाटेल. वायरबद्दल तर ती जे बोलली ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

मी हिंमत सोडली नाही. भर दुपारी खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकली, सोफा दारात नेला (त्यामुळे संध्याकाळपर्यंत आम्हाला बाहेर पडता येईना), जावयाचा कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर बसवला आणि नाट्यगृहाने मोडीत काढलेले दोन जुने दिवे माळ्यावरून उतरवले. एक समोरून, एक मागून. बटण दाबलं आणि सगळ्या इमारतीचे दिवे गेले. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते हातात ते घूंघूं करणारं यंत्र घेऊन वर आले. पेशंट तोंड उघडून अंधारात बसलाय, म्हणाले. मी दहा वेळा माफी मागितली. तेवढ्यात पेशंट मागच्या मागे पसार झाला. दुसऱ्या दिवशी तो मला जिन्यात भेटला आणि त्याने माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

फ्यूज घालून, दिवे मंद करून पुन्हा सुरुवात केली, आणि खरं घोडं इथे अडलं. हा कॅमेरा बटण दाबल्यावर थोडा थांबतो आणि मग आपोआप फोटो काढतो. तेवढ्या वेळात जाऊन शिडीवर बसायचं, इतकंच काम. मी जायचो, बसायचो, आणि अंगावर उजेड पडला की माझे पाय मला न विचारता बाजूला व्हायचे. सवय गं. आमच्यात कामगार चुकून उजेडात आला की विंगेतून शिव्या बसतात, आणि त्या शिव्या इतकी वर्षं मीच घालत आलो. जिभेवर आलेली शिवी गिळून पुन्हा बसायचो, पुन्हा सटकायचो. फोटो चाळले तर प्रत्येकात शिडी सुरेख आलेली. एकात माझं कोपर, एकात एक चप्पल. ही म्हणाली, सत्कार शिडीचा असेल तर काम झालेलं आहे.

शेवटी मी हात टेकले आणि धंद्यातली जुनी युक्ती काढली. नट यायच्या आधी त्याच्या जागी कुणालातरी बसवून दिवे बेतून घेतात. हिला म्हटलं, जरा माझ्या जागी बस, म्हणजे उजेड कुठे चुकतोय ते कळेल. हिला मटार सोलायचे होते. ती ताट घेऊनच शिडीवर बसली आणि सोलता सोलता मला बोलायला लागली. विषय बरेच होते. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, तेवढ्यात दिसलं की हिच्या गालावर उजेड जरा कडक पडतोय. तसाच धावलो आणि हात उंच करून समोरचा दिवा वळवला. फोटो निघाला. त्यात ही आहे. खांद्यावर उसवलेला गाऊन, केसांना रबरबँड, तोंड उघडं, एक मटार हवेत. मी दिव्याच्या पुढ्यात आल्यामुळे भिंतीवर हात उंचावलेली माझी सावली पडलीय, अगदी हिच्याशेजारी.

ताई, मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसलो. ही इतकी छान दिसते हे मला माहीत होतं, पण पुरावा नव्हता. शंभर प्रयोगांना शंभर नट्यांवर उजेड टाकला, पण असा गाल कधी जमला नव्हता. आणि माझ्या चेहऱ्यापेक्षा त्या सावलीत मी जास्त होतो. मी तोच फोटो पाठवून दिला, खाली लिहिलं, ‘स्वतः’. व्यवस्थापकांचा फोन आला. आधी खूप हसले, मग म्हणाले, हाच लावायचा. येत्या रविवारी संध्याकाळी पडदा सरकवून फोटो सगळ्यांना दाखवणार आहेत.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. हिला यातलं काही माहीत नाही. त्या दिवशी हिला बाजूला करून मी आणखी दोनचार फोटो काढले, त्यातलाच एखादा पाठवला असं ती समजते आहे. रविवारी ‘यांचा फोटो’ बघायला तिने अख्ख्या इमारतीला बोलावलंय, दातांचे डॉक्टरही येणार आहेत. पडदा सरकेल तेव्हा चारचौघांत ही उसवलेल्या गाऊनमध्ये. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. तू शनिवारीच ये आणि रविवारी हिच्या शेजारी बस. तुझ्यासमोर ती आवाज चढवत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. बाकी हे पत्र म्हणजे या एका विनंतीसाठी घातलेलं पाल्हाळ समज.

ता. क. २ : हिने विचारलं तर गुडघा दाखवायला आले असं सांग. तिला अजिबात संशय येता कामा नये.

ता. क. ३ : वन्सं, नमस्कार. अक्षर बदललेलं पाहून घाबरू नका, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं, यावरून तुमच्या भावाच्या हुशारीचा अंदाज घ्या. माझा फोटो लावायचा तर व्यवस्थापक मला विचारल्याशिवाय लावतील का? त्यांनी आधी मलाच विचारलं. मी फोटो पाहिला आणि हो म्हटलं. तोंड उघडं आलंय, पण ते इमारतीत कुणाला नवीन नाही. गाऊनचा खांदा मात्र त्याच दिवशी शिवला. मी अट एकच घातलीय. पडदा सरकला की दिव्याचा मोठा झोत फोटोवर टाकायचा नाही, यांच्यावर टाकायचा, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबेपर्यंत हलवायचा नाही. यांना यातलं काही ठाऊक नाही. झोत पडला की हे सटकणार, म्हणून तुम्ही शनिवारी नक्की या. यांचा उजवा हात मी धरते, डावा तुम्ही धरा.